चर्चच्या आवारातली मुलांची शाळा: 10 वर्षांनंतर एका बापाचा अभिप्राय

मोठा मुलगा यंदा दहावी झाला. पहिलीपासून दहावीपर्यंत तो ठाण्यातल्या एका कॅथलिक शाळेत होता, फक्त मुलग्यांच्या. धाकटा अजून तिथेच पाचवीत आहे, म्हणून शाळेचं नाव लिहीत नाही. पण प्रवेशाचे दिवस आले की आमच्या खारेगावातले आणि कारखान्यातले लोक हमखास विचारतात, "काय हो, कॉन्व्हेंट कसं आहे? पोराला घालू का?" चहाच्या टपरीवर उभ्याउभ्या अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा बसून नीट लिहितो.

मी वागळे इस्टेटमध्ये सीएनसी मशीनवर काम करतो. माझं शिक्षण कोरेगाव तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत झालं. त्यामुळे मुलाला इंग्रजी माध्यमात घातलं तेव्हा त्याचा अभ्यास घरी घेणारं कुणी नव्हतं. अशा घरातल्या मुलाचं शाळा काय करते, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. म्हणून आठवीतली गोष्ट आधी सांगतो.

पहिल्या घटक चाचणीत गणितात 20 पैकी 4 मिळाले. या शाळेत प्रत्येक मुलाकडे एक छापील डायरी असते, तिला सगळे 'कॅलेंडर' म्हणतात. सुट्ट्या, प्रार्थना, शाळेचं गीत, रजेचे अर्ज आणि मागे शेऱ्यांची पानं. त्या पानावर टीचरनी लिहिलं होतं, पालकांनी भेटावे. मी पाळी बदलून गेलो. मनात धरूनच गेलो होतो की आता क्लास लावा म्हणून सांगणार. टीचरनी त्याची वही उघडली आणि एकेक उदाहरण दाखवत गेल्या. "याला समीकरणं कळतात. याला अपूर्णांक येत नाहीत. पाचवीपासून येत नाहीत आणि हा लपवत आलाय." छेद समान करायची वेळ आली की तो शेजाऱ्याच्या वहीत बघायचा. तीन वर्षं आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

त्यांनी मुलाला शाळा सुटल्यावर 40 मिनिटं थांबवायला सांगितलं. अशी 7 मुलं होती. पैशांचं विचारलं तर म्हणाल्या, "पैसे नकोत. डब्यात दोन पोळ्या जास्त द्या, त्या वेळेला पोरांना भूक लागते." जुलैपासून जानेवारीपर्यंत त्यांनी त्या सातही जणांना पाचवीच्या पुस्तकापासून परत शिकवलं. दहावीला माझ्या मुलाला गणितात 100 पैकी 71 मिळाले. त्याच वर्गात 95 टक्क्यांच्या पुढची मुलंही आहेत, आमचा 78.40 वर थांबला. मला त्या 71 चं मोल जास्त आहे. उरलेली सहाही मुलं पास झाली, हे टीचरनी निकालादिवशी मला स्वतः फोन करून सांगितलं.

दहावीचं बाकीचं थोडक्यात सांगतो. राज्य मंडळाचा अभ्यासक्रम, गणित आणि विज्ञानाचे 40-40 गुणांचे दोन-दोन पेपर, 20 गुण अंतर्गत. हे 20 गुण शाळा सरसकट वाटत नाही. प्रयोगवही अपुरी असेल तर गुण कापले जातात आणि का कापले ते ओपन डेला, म्हणजे पालकांना पेपर दाखवतात त्या दिवशी, सांगितलं जातं. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेची तयारी शाळेतच होते. आमच्याला बी श्रेणी मिळाली, तिचे 5 गुण निकालात वाढले.

आता धर्माचा प्रश्न. हाच प्रश्न लोक सगळ्यात हळू आवाजात विचारतात. मीही पहिल्या दिवशी फादरना सरळ विचारला होता. त्यांनी सांगितलं ते असं: कॅथलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा तास असतो, त्याच वेळी बाकीच्यांना मूल्यशिक्षण. 10 वर्षांत याच्या पलीकडे काही घडलं नाही. सकाळच्या प्रार्थनेत 'हे आमच्या स्वर्गातील बापा' मुलाला पाठ झालं, आणि पसायदान तो आजीकडून शिकला होताच. नाताळचा गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, दरवर्षी वर्गातली सगळी मुलं मिळून करतात. गवत आमच्या खारेगावातून जायचं, कारण गोठ्यातलं खरं गवत मिळवून देणारा आमच्याचा एक मित्र होता. गणपतीनंतर शाळा उघडली की डब्यांतून मोदक जायचे, आणि ईदनंतर शीरखुर्मा यायचा.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या 40 दिवसांत प्रत्येक मुलाने रोज मूठभर तांदूळ बाजूला काढायचे आणि शेवटी पिशवी शाळेत न्यायची. नववीची मुलं ती पोती येऊरच्या आदिवासी पाड्यांवर स्वतः पोचवतात, फादर आणि दोन सर सोबत असतात. मुलगा त्या दिवशी घरी आला आणि रात्री जेवताना पानातलं काही टाकलं नाही. मी काही बोललो नाही, त्याच्या आईने माझ्याकडे फक्त पाहिलं.

मराठीबद्दल मात्र माझी खरी तक्रार आहे. चौथीपर्यंत मराठीकडे फार दुर्लक्ष झालं. पाचवीत मुलगा दुकानाची पाटी अडखळत वाचायचा, जोडाक्षर आलं की थांबायचा. मराठी घरातल्या मुलाचं हे बघून जीव तुटायचा. मी दोनदा लेखी कळवलं, दोन्ही वेळा 'लक्ष देऊ' एवढंच उत्तर आलं. धाकट्याच्या बाबतीत म्हणून मी शाळेवर विसंबलो नाही, रोज रात्री त्याच्याकडून वर्तमानपत्राचा एक रकाना मोठ्याने वाचून घेतो. इथे मुलाला घालणाऱ्या प्रत्येकाने पहिलीपासून हे करावं.

आठवीत चित्र बदललं ते एका बाईंमुळे. वसईहून घोडबंदर रस्त्याने रोज एसटीने येणाऱ्या मराठीच्या टीचर. पाठ्यपुस्तकातले धडे त्या शिकवायच्याच, पण 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, त्यांनी मुलांसमोर फादर स्टीफन्स उभे केले. इंग्लंडात जन्मलेला एक जेझुइट संघाचा धर्मगुरू 1579 साली गोव्यात येतो, इथली भाषा शिकतो आणि ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत लिहितो, ती 1616 मध्ये रायतूरला छापली जाते. मग त्यांनी वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सांगितलं, जे 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. वर्गातल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाणे-वसईकडच्या मूळच्या ख्रिस्ती घरांतल्या, मुलांनी आपापल्या आजीच्या बोलीतली गाणी म्हटली. ही मुलं घरी मराठीच बोलतात, हे माझ्या मुलाला त्या दिवशी कळलं. सात वर्षं एका बाकावर बसून दोघं एकमेकांशी मोडकंतोडकं इंग्रजी बोलत होते. ज्या शाळेकडे स्वतःचं एवढं मोठं मराठी धन आहे, तिने ते आठवीपर्यंत कपाटात का ठेवावं?

दुसरी तक्रार वेळेच्या कडकपणाची. सातवीत असताना तीन हात नाक्यावर वाहतूक तुंबली, टीएमटीची बस अडकली आणि मुलगा 5 मिनिटं उशिरा पोचला. जुलैचा पाऊस. त्याला आणि आणखी काहींना प्रार्थना संपेपर्यंत फाटकाबाहेर ठेवलं. दप्तरातली पुस्तकं लगद्यासारखी झाली. त्या वर्षी पालक-शिक्षक संघाच्या समितीसाठी सोडत निघाली तेव्हा माझं नाव आलं होतं. मी पहिल्याच बैठकीत हा विषय मांडला. एका पालकांचं म्हणणं पडलं, शिस्त हवीच. मी म्हणालो, शिस्त हवी, पण आत छपराखाली. पुढच्या महिन्यापासून उशिरा आलेल्यांना आत घेऊन कॅलेंडरमध्ये नोंद करायला लागले. ऐकून घेतात, हे नोंदवायला हवं. पण बैठकीत उभं राहून बोलावं लागतं, चिठ्ठ्यांनी काही हलत नाही.

संगणक कमी आहेत, एका पडद्यासमोर तिघे बसतात. मैदान पावसाळ्यात तळं होतं. वर्गात 60 च्या वर मुलं.

फक्त मुलांची शाळा असण्याबद्दल माझं मत 10 वर्षांत दोनदा बदललं. आधी मला ते सोयीचं वाटायचं. मग काळजी वाटायला लागली, कारण अकरावीत मुली असतील आणि याला मामेबहिणी सोडून कुणाशी बोलायची सवय नाही. ती काळजी अजून आहे. पण एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. मुलींची कामं म्हणून वेगळं काही उरत नसल्यामुळे झाडणं, फलक सजवणं, गॅदरिंगचे कपडे शिवणं, फेटमध्ये, म्हणजे शाळेच्या जत्रेत, पदार्थ करणं, सगळं पोरंच करतात. शाळेच्या फेटमध्ये आम्ही चार बापांनी वडापावचा स्टॉल लावला होता. शेजारच्या स्टॉलवर एक ईस्ट इंडियन आजी फुगे, म्हणजे पिठाचे फुगलेले गोळे, तळत होत्या आणि माझा मुलगा त्यांना पीठ भिजवून देत होता. घरी आता तो शर्टाचं बटण स्वतः लावतो.

तर घालावा का? ज्यांना दहावीला अगदी वरचे टक्के हवे आहेत त्यांनी दुसरीकडेही चौकशी करावी. ज्यांचा मुलगा साधारण आहे आणि घरी अभ्यास घेणारं कुणी नाही, त्यांनी जरूर घालावा. मराठी मात्र घरी बघावं.

धाकट्याच्या कॅलेंडरमध्ये परवा पहिला शेरा आलाय, अपूर्णांकांचा सराव कमी आहे. तीच टीचर नाहीत, दुसऱ्या आहेत. शनिवारी भेटायला बोलावलंय, पाळी बदलून घेतली आहे.