पाणंदीच्या चिखलात हीरो एक्सपल्स 200 4व्ही : नवशिक्याच्या नजरेतून

पुण्याहून मुळशीकडे जाताना पौड मागे पडले की मुख्य रस्त्याला दोन्ही अंगांनी पाणंदी फुटू लागतात. बैलगाडीपुरत्या रुंदीच्या या वाटा उन्हाळ्यात नुसत्या धुळीच्या असतात. जुलैत मात्र ट्रॅक्टरच्या येण्याजाण्याने त्यांवर दोन खोल चाकोऱ्या पडतात, चाकोऱ्यांत पाणी साचते आणि मधला गवताळ उंचवटा तेवढा वर राहतो. गेले दोन पावसाळे मी हीरो एक्सपल्स 200 4व्ही ही मोटरसायकल प्रामुख्याने अशाच वाटांवर चालवली आहे. डांबर सोडून कधी गाडी घातलेली नाही, पण यंदा घालायची इच्छा आहे, अशा वाचकासाठी हे परीक्षण आहे. महामार्गावरचा वेग किंवा लडाखची सफर यांविषयी त्यात काही सापडणार नाही.

चिखलात शिकणारा माणूस पडतो, आणि एकदा नव्हे तर सकाळभरात चार-पाच वेळा पडतो. त्यामुळे गाडी किती पळते यापेक्षा ती एकट्याला उचलता येते का, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. माझ्याकडची 2023 ची सुधारित आवृत्ती 159 किलोची आहे. रॉयल एन्फील्डच्या जुन्या 411 सीसी हिमालयनचे वजन 199 किलो होते, आणि हा चाळीस किलोंचा फरक गुडघाभर चिखलात उभे राहिल्यावर कागदावरच्यापेक्षा पुष्कळ मोठा वाटतो.

पहिल्याच पावसाळ्यातली एक सकाळ सांगतो. वाटेच्या तोंडाशी बांधावर बसलेल्या एका आजोबांनी मला थांबवून सांगितले होते, "उजव्या चाकुरीनं नगा जाऊ, काल हितंच टॅक्टर रुतलाय." मी डावी चाकोरी धरली, पण वीसेक पावलांवर ती खोल होत गेलेली पाहून घाबरलो आणि हँडल वळवून मधल्या उंचवट्यावर चढण्याचा प्रयत्न केला. पुढचे चाक चाकोरीच्या निसरड्या कडेला घासत राहिले, वर काही चढले नाही, आणि मी गाडीसकट उजवीकडे आडवा झालो. चूक सर्वस्वी माझी होती. एकदा चाकोरीत चाक गेले की नजर लांब ठेवून, हँडल सैल धरून तिच्याच मार्गाने जायचे असते. बाहेर पडायचे झाल्यास कड उथळ होईल तिथे, चाक शक्य तितके आडवे घालून पडायचे असते. गाडी उचलण्यासाठी सीटला पाठ लावून बसलो, एका हाताने हँडलची खालची मूठ व दुसऱ्याने मागची पकड धरली आणि पायांच्या जोरावर मागे सरकत गेलो. दुसऱ्या प्रयत्नात गाडी उभी राहिली. हँडगार्डमुळे ब्रेकचा लिव्हर शाबूत होता. आजोबा तोवर शेजारी येऊन उभे होते आणि हसू आवरण्याचा त्यांनी फारसा प्रयत्न केला नाही.

गाडीच्या घडणीत पाणंदीला साजेसे पुष्कळ आहे. पुढचे चाक 21 इंची आणि मागचे 18 इंची, दोन्ही तारांची; पुढच्या सस्पेन्शनची हालचाल 190 मिलिमीटर, मागच्याची 170. जमिनीपासूनची उंची 220 मिलिमीटर असल्याने मधला उंचवटा पोटाला सहसा लागत नाही, आणि लागलाच तर खाली इंजिनाच्या रक्षणासाठी पत्रा आहे. पुढचा मडगार्ड चाकापासून बराच वर आहे, याचे महत्त्व घाटाखालच्या तांबड्या मातीत कळत नाही. देशावरच्या काळ्या मातीत कळते. ती माती चाकाला थरावर थर चढत जाते आणि मडगार्ड खाली असलेल्या साध्या गाडीचे चाक अक्षरशः जाम करून टाकते.

सीटची उंची 825 मिलिमीटर आहे. साडेपाच फुटांच्या आतल्या माणसाचे दोन्ही पाय एकदम टेकणे कठीण, आणि चिखलात टेकलेला पाय बहुधा घसरतोच. पण सीटवर बसून पाय खाली सोडत चालवण्याच्या सवयीपेक्षा फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभे राहून गुडघ्यांनी टाकी धरण्याची सवय पहिल्या आठवड्यातच लावली, तर ही अडचण निम्मी होते. 2023 च्या बदलांत फूटपेग थोडे खाली व मागे नेले आहेत, त्यामुळे उभे राहिल्यावर पाठ फारशी वाकत नाही. याच गाडीच्या अधिक उंच ‘प्रो’ आवृत्तीची सीट मात्र 891 मिलिमीटरवर आहे आणि तिच्या लांब सस्पेन्शनचा मोह कितीही झाला तरी नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंजिन 199.6 सीसीचे, तेलाने थंड होणारे, 19.1 पीएस ताकदीचे. आकडा किरकोळ वाटेल, पण चिखलात थ्रॉटल चुकून जास्त पिळला गेला तरी मागचे चाक अंगावर येत नाही, हा किरकोळपणाचाच फायदा आहे. कमाल टॉर्क 17.35 न्यूटन मीटर आणि तो 6500 आरपीएमला मिळतो, म्हणजे अगदी खालच्या फेऱ्यांवर इंजिन ढकलण्यात अर्थ नाही. सपाट चिखलात मी दुसरा गियर ठेवतो आणि चढावर पहिला. क्लच अर्धा दाबून वेग सांभाळायला दोन बोटे पुरतात.

टायरच्या बाबतीत मात्र हात आखडता घेऊ नये. गाडीसोबत येणारे टायर रस्ता आणि माती अशा दोन्हींसाठी आहेत, आणि अशा कोणत्याही टायरच्या खाचा चिकण मातीत काही मिनिटांत भरून जातात. मागे अधिक खोल, सुट्या ठोकळ्यांचा टायर घातल्यावर जो फरक पडला, तो कोणत्याही ॲक्सेसरीने पडला नसता. हवा रस्त्यापेक्षा कमी, वीस पीएसआयच्या आसपास ठेवतो. टायरमध्ये ट्यूब असल्याने त्याहून खाली गेल्यास दगडावर आपटून पंक्चर होण्याची भीती असते. आपल्याकडे बहुतेक जण गाडी घेताच डिक्क्या आणि जादा दिवे लावतात व पायात कापडी बूट घालून चिखलात उतरतात. घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट आणि मागचा टायर यांना पैसे उरले नसतील, तर डिक्क्या पुढच्या वर्षी घ्याव्यात.

एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, फक्त पुढच्या चाकाला आहे आणि 2023 पासून त्याला रोड, ऑफ-रोड व रॅली असे तीन पर्याय मिळाले. उतारावरच्या चिखलात मागचा ब्रेक हलका, पुढचा एका बोटाने आणि बाकीचे काम पहिल्या गियरवर सोपवणे, ही सवय होईपर्यंत मी ऑफ-रोडवरच राहिलो. रॅलीत एबीएस बंद होते, त्याची घाई नको.

चिखलातून आल्यावरची देखभाल वेळखाऊ आहे. चेन धुऊन तेल दिल्याशिवाय गाडी उभी केली तर दुसऱ्या दिवशी ती कुरकुरते, आणि गाळातल्या वाळूने ब्रेक पॅड लवकर झिजतात. एका सर्व्हिस सेंटरने माझी गाडी जोराच्या फवाऱ्याने थेट चाकांच्या बेअरिंगवर पाणी मारून धुतली, तेव्हापासून ते काम मी घरी बादली आणि ब्रशने करतो.

वाटांविषयी एक सांगायला हवे. लावणीच्या दिवसांत बांधावर गाडी घालणे म्हणजे एखाद्याचे महिन्याचे कष्ट चिरडणे आहे, आणि ताम्हिणीचा काही भाग अभयारण्य आहे, तिथल्या जंगलवाटा आपल्यासाठी नाहीत. पाणंदीवरून जातानाही समोरून बैल आले की इंजिन बंद करून कडेला थांबावे.

2023 मध्ये साध्या आवृत्तीची एक्स-शोरूम किंमत सुमारे 1 लाख 44 हजार होती. 2025 च्या जानेवारीत पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची, सहा गियरची एक्सपल्स 210 आली, ती 24.6 पीएसची आणि 168 किलोची आहे. रोज महामार्गाने जाऊन मग मातीत शिरणाऱ्याला ती बरी पडेल. केवळ पाणंदीवर शिकायचे असेल तर मी आजही चांगल्या स्थितीतली जुनी 200 4व्ही शोधीन आणि उरलेल्या पैशांत टायर घेईन. माझा मागचा टायर येत्या जूनच्या आत बदलावा लागणार आहे. पुढच्यावर अजून एक पावसाळा निघेल.