१८० रुपये पॉइंट म्हणाला आणि १,३६,१४० रुपये घेऊन गेला

सांगली-मिरजेत ज्यांना घराचं वायरिंग नव्याने करायचंय, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं. लिहिताना अजूनही हात थरथरतात. पैसे गेले त्याचा संताप आहेच, आणि चारचौघांत सांगायची लाज वाटत होती म्हणून इतके महिने गप्प बसले, त्याचाही आहे.

आमचं घर खणभागात, जुनं, दोन खोल्या खाली आणि दोन वर. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात खालच्या बोर्डांपर्यंत पाणी चढलं होतं. २०२१ ला पुन्हा तेच. तेव्हापासून पावसाळ्यात भिंतीला हात लावायची भीती वाटायची, म्हणून सगळंच नवीन करायचं ठरवलं. दोघांकडून दर घेतले. वायरिंगची मजुरी पॉइंटवर मोजतात, म्हणजे दिवा, पंखा, सॉकेट अशा एकेका जोडणीमागे. एक आमच्या ओळखीचे वायरमन, मजुरी पॉइंटला २४० रुपये. दुसरा हा, नात्यातल्याच एकांनी पाठवलेला, १८० रुपये. "काकू, अंदाजे साठ पॉइंट होतील. मजुरी १०,८०० आणि मटेरियल ५८,००० धरा. आपलंच घर समजून करतो." म्हणजे ६८,८००. एका पॉइंटमागे साठ रुपये वाचतात तर कोण सोडेल? पेन्शनीवर घर चालवणाऱ्या बाईने स्वस्त दर बघू नये, असं ज्यांना वाटतं त्यांनी माझं वीजबिल भरून दाखवावं.

शेवटचं बिल असं आलं: मजुरी १४३ पॉइंट, २५,७४०. मटेरियल ८६,४००. अर्थिंगचे दोन खड्डे, १५,०००. भिंतीला कटर मारायचे वेगळे ९,०००. एकूण १,३६,१४०. साठाचे १४३ कसे झाले? बटण एक पॉइंट, दिवा दुसरा, पंख्याचा रेग्युलेटर तिसरा, सॉकेट चौथा आणि सॉकेटचं बटण पाचवा! जिन्याचा दिवा खालून-वरून लागतो, त्याचे तीन धरले. डीबी म्हणजे मेन स्विचची पेटी, तिच्यातल्या प्रत्येक एमसीबीचाही (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) एक पॉइंट. खरं तर बटणापासून दिव्यापर्यंत सगळं मिळून एक पॉइंट असतो आणि त्याच बोर्डावरचं सॉकेट बहुतेक जण अर्धा धरतात. दर विचारलात आणि मोजायची पद्धत विचारली नाहीत, तर त्या दराला काही अर्थ नाही. कटर, प्लास्टर, जुनं काढणं हे दरात आहे की बाहेर, तेही कामाआधी कागदावर घ्या, खाली त्याची सही घ्या.

पण पैशाचं हे सगळं मी गिळलं असतं. वायरचं गिळता येत नाही.

वायरची बंडलं आली त्या सकाळी मी ओसरीत भाजी निवडत होते. बंडलं खोक्याशिवाय होती. विचारलं, तर म्हणाला, "खोकी दुकानातच टाकली, गाडीवर मावंनात ओ काकू." मग त्याच्या पोऱ्याने माझ्यासमोर अडीच एमएमची वायर पक्कडीने कापली. एक तुकडा माझ्या पायाशी पडला. मी तो उचलला. बाजूने तांबूस आणि कापलेल्या टोकाला पांढरं. स्पष्ट पांढरं, नव्या भांड्यासारखं. मी विचारलंसुद्धा, "हे आत पांढरं का?" आणि तो न अडखळता म्हणाला, "टिनचं कोटिंग आहे, गंजू नये म्हणून. आपल्याकडं पुराचं पाणी येतंय ना, मुद्दाम तसली आणली."

तो क्षण माझ्या डोक्यातून जात नाही. कोटिंग बाहेरून असतं, आतून कसं असेल? बाहेर तांबं आणि आत पांढरं, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. बाजारात त्याला सीसीए म्हणतात. हे आज मला पाठ आहे. पण माझ्याच घरात दोनदा शिरलेल्या पुराचं नाव घेऊन माणूस तोंडावर खोटं बोलतोय, असं कुणाच्या मनात येईल? मी विचारलं होतं. प्रश्न मी केला होता. उत्तर खोटं होतं, हा माझा गुन्हा नाही.

पाच महिन्यांत गिझरचं सॉकेट वितळलं. दोन हजार वॅटचा साधा गिझर, नऊ अँपिअरही घेत नाही. अडीच एमएमची खरी तांब्याची वायर तो सहज पेलते. ॲल्युमिनियम जास्त तापतं, स्क्रूखाली दबतं, जोड सैल होतो आणि तिथेच जळतं. २४० वाले वायरमन आले, त्यांनी ब्लेडने वायर खरवडली, लाल रंग निघून गेला. "पुढं लागेल" म्हणून त्याने एक अख्खं बंडल ठेवलं होतं, तेही बिलात होतंच. ते आम्ही वाण्याच्या काट्यावर ठेवलं. अडीच एमएमच्या ९० मीटरमध्ये नुसतं तांबंच दोन किलो भरतं. हे प्लास्टिकसकट दीड किलो भरलं नाही. वायर घेताना वजन करा, दुकानदाराला राग आला तर येऊ दे.

मग अंगणातलं अर्थिंग उकरलं. पाइप किमान अडीच मीटर खोल हवा, भोवती कोळसा आणि मीठ. आमचा पाइप गुडघाभर. कोळशाचा कणही नाही. दुसरा खड्डा तर सापडलाच नाही. खड्डा बुजवताना घरचं कुणीतरी उभं राहा, मोबाईलवर फोटो काढा.

तक्रार करायला गेले तिथले अनुभव यापेक्षा वाईट. वीज कार्यालयात म्हणाले, मीटरच्या पुढचं वायरिंग तुमचं, आमचा संबंध नाही. पोलीस चौकीत साहेबांनी मान वर न करता विचारलं, "पैसे तुम्हीच दिले ना? काम झालंय ना? मग हा दिवाणी मामला." बंडल टेबलावर ठेवलं तर म्हणाले, ते खाली ठेवा. वायरिंगच्या परवान्यांचं काम जिथे चालतं तिथे कळलं की त्याच्याकडे परवानाच नाही. मला वाटलं, आता तरी पकडतील. तर उत्तर काय? परवाना असता तर रद्द केला असता, नाही त्याचं काय करणार! नवीन वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडूनच व्हायला हवं असा नियम आहे, बल्ब, फ्यूज, बटण बदलण्यासारख्या किरकोळ कामांनाच सूट आहे. मग नियम मोडणाऱ्याला कुणीच विचारणार नसेल तर तो केलाय कुणासाठी? घर पेटल्यावर पंचनामा करायला मात्र सगळे येतील.

शेवटी ग्राहक आयोगात तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या कामाला तिथे फी नाही, वकील लागतोच असं नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. माझ्याकडे पक्कं बिल नव्हतं, वहीच्या पानावरचा हिशेब होता. ९५,००० फोनवरून दिले होते, त्याच नोंदी आता कामाला येताहेत. ४१,१४० रोख दिले, ते त्याने नाकारले. रोख देऊ नका.

दुरुस्ती भिंतीतल्या त्याच पाइपांतून, नवी वायर ओढून झाली. पॉइंट भरले ६४, मजुरी २४० ने १५,३६०. वायर गणपती पेठेतून जीएसटी बिलावर, स्वतः उभं राहून, बाकी सामानासह ३८,४५०. खरं अर्थिंग ६,८००. म्हणजे ६०,६१० आणखी गेले.

आमच्या गल्लीत त्याने आणखी दोन घरं केली आहेत, आणि कुपवाड रोडच्या नव्या फ्लॅटांतही त्याची कामं चालू आहेत. १८० चा दर सांगून, खोक्याशिवाय वायर आणून कुणी तुमच्याकडे काम केलं असेल, तर आजच जाणत्या वायरमनला बोलवा, मेन स्विच बंद करून गिझरचा बोर्ड उघडायला लावा आणि वायरचं टोक ब्लेडने खरवडून बघा.