खिशातला गायगर काउंटर : नऊ महिने वापरल्यानंतर

जुनी घड्याळं उघडून दुरुस्त करण्याचा मला बारा वर्षांपासून नाद आहे. गेल्या वर्षी एका मनगटी घड्याळाची तबकडी भिंगाखाली धरली, तर अंकांवरचा रंग तपकिरी पडून त्याचे बारीक कण काचेच्या आतल्या बाजूला सांडलेले दिसले. रंग रेडियमचा, म्हणजे किरणोत्सर्गी असणार हे कळत होतं. पण अंधारात तो जराही चमकत नव्हता, म्हणून त्यातला जोर संपला असेल असं मी धरून चालले होते. ते साफ चूक होतं. चमकतं ते रेडियममध्ये कालवलेलं झिंक सल्फाइड, आणि ते काही वर्षांत निकामी होतं. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, मात्र १६०० वर्षांचं. म्हणजे तबकडी विझलेली दिसली तरी रेडियम जवळजवळ तेवढंच शिल्लक. आणि अशी घड्याळं मी छातीपासून वीतभर अंतरावर धरून तासन्‌तास बसत होते. त्याच आठवड्यात मी खिशात मावेल असा गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र, मागवला.

यंत्र साधं आहे. आत वायू भरलेली काचेची नळी, तिला सुमारे ४०० व्होल्टचा दाब. किरण आत शिरला की क्षणभर विजेचा स्पंद उठतो आणि 'टक्' असा आवाज येतो. हान्स गायगर आणि वाल्टर म्यूलर यांनी १९२८ मध्ये ही नळी तयार केली, आजही तत्त्व तेच आहे. किरणोत्सर्गाचे मुख्य प्रकार तीन : अल्फा सहज अडतात, बीटा पातळ पत्र्याने अडतात, गॅमा आरपार जातात. माझ्या यंत्रातली नळी गॅमा आणि बऱ्यापैकी जोरदार बीटा किरण मोजते. अल्फा कण काचेतून आत येऊच शकत नाहीत, त्यासाठी अभ्रकाची पातळ खिडकी असलेली नळी लागते. हे मला घेतल्यानंतर समजलं. माझ्या कामासाठी आधी समजायला हवं होतं.

पहिले पंधरा दिवस नुसता वैताग. यंत्र आलं तेव्हा अलार्म ताशी ०.३ मायक्रोसीव्हर्टवर लावलेला होता (सीव्हर्ट हे शरीराला बसणाऱ्या किरणोत्सर्गाच्या माऱ्याचं एकक; हजार मायक्रोसीव्हर्ट म्हणजे एक मिलिसीव्हर्ट). घरात कुठेही ठेवा, दिवसातून कितीतरी वेळा बोंबलायचं. रात्री दोनला उठून मी भिंती तपासल्या आहेत. कारण शेवटी हिशेबात सापडलं. घरात मिनिटाला साधारण २० टिचक्या पडतात, म्हणजे दहा सेकंदांत तीन-चार. यंत्र मात्र दर दहा सेकंदांची सरासरी काढून आकडा दाखवत होतं. टिचक्या कधी एका लयीत पडत नाहीत. दहा सेकंदांत तीनच्या जागी आठ पडणं हे अधूनमधून होणारच, आणि आठ पडल्या की आकडा ०.३ च्या वर. त्यात धोका काही नव्हता, निव्वळ योगायोग होता. सरासरी एका मिनिटाची केली, अलार्म ०.४ वर नेला, आणि त्यानंतर घरात एकदाही खोटा अलार्म झालेला नाही. नवीन घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी ही दोन सेटिंग बदलावीत.

त्याचा तोटाही आहे. एका मिनिटाची सरासरी म्हणजे एखाद्या वस्तूजवळून पटकन चालत गेलात तर आकडा हलेपर्यंत तुम्ही पुढे गेलेले असता. म्हणून फिरताना मी आवाज सुरू ठेवते. टिचक्या दाट झालेल्या कानाला आकड्याच्या खूप आधी कळतात.

यानंतर मी वही घातली. प्रत्येक खोली, जिना, ग्रॅनाइटचा ओटा, कामाचं टेबल, सगळीकडे दहा-दहा मिनिटं यंत्र ठेवून नोंदी केल्या. घरात ०.१३ च्या आसपास, ग्रॅनाइटवर ०.२१. माझ्या मते या यंत्राचा नऊ महिन्यांतला खरा उपयोग या वहीतच आहे. नुसता ०.२१ हा आकडा कुणाला सांगितला तर तो घाबरतो किंवा दुर्लक्ष करतो. रोजचा आकडा माहीत असेल तरच बदल कळतो.

इथे एक घोळ मी स्वतः केला होता, तो लिहिते. ताशी ०.१३ म्हणजे वर्षाला सुमारे १.१ मिलिसीव्हर्ट. सामान्य माणसासाठी मर्यादा वर्षाला १ मिलिसीव्हर्ट असं वाचलं आणि घरातच मर्यादा ओलांडली म्हणून पोटात गोळा आला. ती मर्यादा नैसर्गिक आणि वैद्यकीय किरणोत्सर्ग वगळून, कृत्रिम स्रोतांमुळे वर येणाऱ्या भागाची आहे. नैसर्गिक किरणोत्सर्गाची जागतिक सरासरीच वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट आहे, आणि त्यातला निम्मा वाटा श्वासातून जाणाऱ्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूचा. रेडॉन हे यंत्र मोजत नाही, त्यासाठी वेगळं उपकरण लागतं.

आता घड्याळांकडे. संशय असलेलं घड्याळ काच वर ठेवून नळी अगदी टेकवली, तर मिनिटाला १२४० टिचक्या, पडद्यावर ताशी ८.१ मायक्रोसीव्हर्ट आणि लाल पट्टी. हात थरथरला, खोटं कशाला सांगू. मग मध्ये तीन मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा धरला. टिचक्या ३४० वर आल्या. म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश बीटा किरण होते, पत्र्याने ते अडवले. यंत्र मात्र प्रत्येक टिचकी सीझियम-१३७ या किरणोत्सर्गी पदार्थाच्या गॅमाची आहे असं समजून मायक्रोसीव्हर्ट काढतं, कारण त्याचा गुणक त्याच गॅमावर बेतलेला असतो. तेव्हा वस्तूला टेकवून आलेला मायक्रोसीव्हर्टचा आकडा खरा धरू नका. टिचक्या मोजा आणि त्यांचीच तुलना करा.

मग घड्याळ जागेवर ठेवून यंत्र मागे मागे नेलं. वीतभर अंतरावर ०.५, हातभर अंतरावर ०.२, मीटरभर लांब गेले तर नेहमीचाच आकडा. हे आठ मिनिटांचं मोजमाप माझी सवय बदलून गेलं. रेडियमची चार घड्याळं आता टेबलाच्या खणात नाहीत. कुणी रोज बसत नाही अशा हवेशीर जागी, झाकण असलेल्या डब्यात आहेत, कारण रेडियममधून रेडॉन सुटतो आणि बंद खोलीत तो साठतो. शिवाय ती मी उघडणं बंद केलं. बाहेरून येणाऱ्या किरणांपेक्षा त्या तपकिरी रंगाची धूळ श्वासात जाणं जास्त वाईट. १९२० च्या दशकात अमेरिकेत तबकड्या रंगवणाऱ्या मुली ब्रशला टोक आणायला तो ओठांत धरायच्या, आणि पोटात गेलेल्या रेडियममुळे त्यांची जबड्याची हाडं सडली. त्या धुळीतले अल्फा कण माझ्या यंत्राला दिसतच नाहीत. त्यामुळे टेबल पुसून आकडा नेहमीचा आला म्हणजे टेबल स्वच्छ, असं मी म्हणू शकत नाही.

मार्चमध्ये ताईच्या हृदयाचं स्कॅन झालं. रात्री ती घरी आली आणि ती दारातून आत येण्याआधीच खिशातला काउंटर ओरडू लागला. स्कॅनसाठी टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सर्गी द्रव्य टोचलं होतं, अर्धायुष्य ६ तास. आठ वाजता मीटरभर अंतरावर ३.८ दाखवत होता. ताई घाबरली, कोपऱ्यात जाऊन बसली. मी तिला वहीत तक्ता मांडून दाखवला की सकाळपर्यंत हे चौथाईवर येईल. सकाळी आठला आकडा ०.८ होता, थोडं शरीराबाहेरही गेलं असणार. दुसऱ्या दिवशी रात्री जवळजवळ काहीच नाही. सूचना रुग्णालयाने दिल्या होत्याच, पण तो आकडा उतरताना पाहून ती जशी निवांत झाली तशी कागद वाचून झाली नव्हती.

पाऊस हा सगळ्यात सुंदर धडा. जोरदार सर थांबल्याबरोबर मी गाडीचं छत कागदी रुमालाने पुसलं आणि घडी करून नळीवर ठेवली. मिनिटाला ७८ टिचक्या. अर्ध्या तासाने ४९. तीन तासांनी २१. हवेतल्या रेडॉनपासून झालेले शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ हे किरणोत्सर्गी कण पावसाबरोबर खाली येतात आणि दोघांचं अर्धायुष्य अर्ध्या तासाच्या आत आहे. हे माहीत नसेल तर पावसात वाढलेला आकडा बघून माणूस कुठेतरी अपघात झाला म्हणून हादरेल. वाढ दोन-तीन तासांत आपोआप ओसरली तर ती बहुधा पावसाचीच.

विमानात वर गेल्यावर ताशी २ च्या आसपास दिसतं, ते अंतराळातून येणारे किरण. सामान तपासणीच्या क्ष-किरण यंत्रातून काउंटर बॅगेत गेला तर एक प्रचंड आकडा नोंदला जातो आणि त्या महिन्याची बेरीज बिघडते. त्याआधी तो बंद करा. बॅटरी आवाज बंद असताना चार दिवस जाते. चार्जिंगला लावल्यावर एका चार्जरने टिचक्या उगाच वाढायच्या, तो बदलला. उन्हात पडदा वाचता येत नाही. नळी काचेची आहे, पडू देऊ नका.

एक गोष्ट मात्र जिवाशी आहे. अशा नळीला खूप तीव्र किरणोत्सर्गात टिचक्या वेगळ्या मोजता येत नाहीत. आकडा वाढायचा सोडून अडकतो, काही यंत्रांत चक्क खाली येतो. १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघातात हाताशी असलेल्या मापकांची मर्यादा ताशी ३.६ रॉन्टजेन (किरणोत्सर्गाचं जुनं एकक) होती आणि सुरुवातीला तोच आकडा वर कळवला गेला, खरा मारा कितीतरी जास्त असताना. म्हणून माझा नियम असा की आकडा वेगाने चढू लागला की थांबून बघायचं नाही, आल्या वाटेने मागे फिरायचं. अंतर दुप्पट केलं की लहान स्रोताचा मारा चौथाई होतो. अनोळखी धातूचा डबा किंवा कुपी असेल तर हात न लावता, लांबूनच यंत्रणेला कळवायचं. २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात ८ बाय ६ मिलिमीटरची सीझियमची कुपी १४०० किलोमीटरच्या रस्त्यावर हरवली होती, ती गाडीवर बसवलेल्या संवेदनशील मापकांनी शोधली. माझं खिशातलं यंत्र धावत्या गाडीतून ते करू शकलं नसतं.

घ्यावं का? जुनी घड्याळं, थोरियम हा किरणोत्सर्गी धातू मिसळलेलं टंगस्टन वापरणारं वेल्डिंग, भंगार, खनिजं यांपैकी कशात तुमचे हात असतील तर नक्की घ्या, आणि जमलं तर अभ्रकाची खिडकी असलेलं घ्या. मोबाइल टॉवर किंवा मायक्रोवेव्ह तपासायला घेणार असाल तर घेऊ नका, ते किरण या नळीचे नव्हेतच.

यंत्र अजून नीट मोजतंय ना हे बघायला दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी थोरियम असलेलं गॅसबत्तीचं जुनं मेंटल प्लास्टिकच्या बंद पिशवीतच ठेवून, पाटावर आखलेल्या त्याच चौकोनात, दहा मिनिटं मोजते. पहिल्या महिन्यात मिनिटाला ४१२ आले होते, या महिन्यात ४०७.