‘जरा एवढं करशील का?’ : ‘बायोशॉक’मधली कलाटणी

‘बायोशॉक’ हा व्हिडिओ गेम २००७ सालच्या ऑगस्टमध्ये बाजारात आला आणि त्यातले रहस्य आता इतके जुने झाले आहे की ते लपवून परीक्षण लिहिण्यात अर्थ उरलेला नाही. तरीही ज्यांनी तो खेळलेला नाही आणि ज्यांना तो खेळायचा आहे, त्यांनी हे परीक्षण इथेच थांबवावे आणि दहा-बारा तासांचा खेळ संपवून मग परत यावे, अशी मनापासून विनंती आहे. या खेळाबद्दल मला जे सांगायचे आहे, ते त्याच्या मध्यावर येणाऱ्या एका प्रसंगाबद्दल आहे आणि तो प्रसंग आधी कळला, तर खेळाची निम्मी किंमत वाया जाते.

कथा १९६० सालची आहे. अटलांटिक महासागरात एक विमान कोसळते आणि त्यातला एकटा वाचलेला जॅक नावाचा प्रवासी पोहत एका दीपगृहापर्यंत जातो. दीपगृहातून समुद्राच्या तळाकडे उतरणारी गोल कुपी त्याला रॅप्चर या शहरात आणते. अँड्र्यू रायन या उद्योगपतीने १९४६ साली हे शहर समुद्राच्या तळाशी वसवले, ते अशासाठी की सरकार, धर्म आणि कामगारांचे हक्क मागणारी चळवळ यांपैकी कोणाचाही हात माणसाच्या कमाईपर्यंत पोहोचू नये. जॅक पोहोचतो तेव्हा शहर उद्ध्वस्त झालेले असते. भिंतींतून पाणी झिरपत असते आणि शरीरात जनुकीय बदल करून घेण्याच्या व्यसनाने वेडी झालेली माणसे अंधारात फिरत असतात. अशा वेळी भिंतीवरच्या रेडिओतून ॲटलस नावाच्या माणसाचा मायाळू, आयरिश वळणाचा आवाज येतो. त्याची बायको आणि लहान मूल अडकलेले असते, त्याला मदत हवी असते आणि त्याबदल्यात तो जॅकला वाट दाखवत राहतो.

हा आवाज बोलताना एक वाक्प्रचार वारंवार वापरतो: ‘वुड यू काइंडली’, म्हणजे ‘कृपा करून एवढं करशील का’. तो रेडिओ उचलशील का, एखादी पहार शोधशील का, पुढच्या दारातून जाशील का, असे तो विचारत राहतो. खेळणारा हे ऐकतो आणि करतो, कारण व्हिडिओ गेममध्ये दुसरे काय करायचे असते? कोणीतरी काम सांगते, पडद्यावर बाण दिसतो, आपण त्या दिशेने जातो. त्या शब्दांकडे कोणाचे लक्ष जात नाही. मराठी वाचकाला हे समजायला फार लांब जावे लागत नाही. ‘कृपया इकडे लक्ष द्या’, ‘कृपया चपला बाहेर काढाव्यात’, ‘कृपया रांगेत उभे राहावे’ या वाक्यांतला ‘कृपया’ आपल्याला किती वर्षांत जाणवलेलाच नाही! तो शब्द विनंतीचा आहे आणि वाक्य हुकमाचे आहे. विनंतीचा शब्द मऊ असल्यामुळेच हुकूम गळी उतरतो. घरातल्या मोठ्या माणसाचे ‘जरा एवढं करशील का?’ हेही त्याच जातीचे. त्याला ‘नाही’ म्हणता येते, असे आपल्याला लहानपणी कोणी शिकवलेले नसते.

मग रायनची भेट होते. त्याच्या कार्यालयाकडे जाणाऱ्या वाटेवर एका भिंतीवर फोटो आणि कागद चिकटवलेले असतात आणि त्यावर लाल अक्षरांत तेच तीन शब्द लिहिलेले असतात. आतमध्ये रायन शांतपणे गोल्फ खेळत असतो. ॲटलसच्या सांगण्यावरून ज्याला ठार मारण्यासाठी आपण इतके तास घालवले, तो माणूस आपल्यावर गोळी झाडत नाही, पळतही नाही. तो जॅकला प्रश्न विचारतो: तुझ्या आठवणी खरोखर तुझ्या आहेत का, ते विमान कोणी पाडले? आणि मग तेच शब्द वापरून तो त्याला बस म्हणतो, ऊठ म्हणतो, पळ म्हणतो, थांब म्हणतो. जॅक प्रत्येक गोष्ट करतो. जॅक हा रायनचाच मुलगा आहे, त्याला जन्माआधीच विकत घेतले गेले आणि या शब्दांना निमूटपणे मानण्यासाठी प्रयोगशाळेत घडवले गेले, हे उलगडते. शेवटी रायन हातातली काठी त्याच्या हाती देतो आणि स्वतःला मारण्याचा हुकूम देतो. माणूस निवड करतो आणि गुलाम आज्ञा पाळतो, हे त्याचे वाक्य या खेळाची ओळख बनले आहे. या सगळ्या वेळात खेळणाऱ्याच्या हातातली बटणे निकामी झालेली असतात. हात पडद्यावर हलत असतात, पण ते आपले नसतात.

माझ्या मते खरी कलाटणी याच्या पुढच्या क्षणात आहे आणि त्याची चर्चा कमी होते. रायन मरतो, बटणे पुन्हा चालू होतात, शहर स्वतःला नष्ट करण्याच्या तयारीत असते आणि रेडिओवरचा आवाज घाईने सांगतो की रायनची जनुकीय किल्ली यंत्रात घाल, ‘वुड यू काइंडली’. या वेळी आपल्याला शब्दांचा अर्थ माहीत असतो. तरीही खोलीत करण्यासारखे दुसरे काहीच नसते. आपण चालत जातो, बटण दाबतो आणि किल्ली घालतो. फसवणूक उघड झाल्यानंतर, उघड्या डोळ्यांनी, तीच आज्ञा आपण स्वतःच्या बोटाने पाळतो. मग तो आवाज हसतो आणि ॲटलस कधीच नव्हता, फ्रँक फाँटेन नावाचा तस्करच त्या नावामागे होता, हे कळते.

चांगल्या रहस्यकथेत हा डाव वेगळ्या प्रकारे खेळला जातो. निशिकांत कामत यांच्या २०१५ सालच्या हिंदी ‘दृश्यम’मध्ये, गोव्यातल्या त्या कुटुंबाने २ आणि ३ ऑक्टोबरची गोष्ट कशी रचली हे प्रेक्षकाला ठाऊक असते, फक्त प्रेत कुठे आहे हे शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही. तिथे प्रेक्षक खुर्चीत बसून टाळी वाजवतो. त्याच्या हातून काही घडलेले नसते. ‘बायोशॉक’मध्ये प्रत्येक काम खेळणाऱ्याने स्वतः केलेले असते. खेळाच्या रूढ सवयींनाच इथे पुरावा केले आहे: नायक काही बोलत नाही, ही जुनी रीत होती आणि ती इथे गुलामगिरीची खूण ठरते. मेल्यावर एका यंत्रात पुन्हा जिवंत होण्याची सोयही अशीच. ती यंत्रे रायनच्या जनुकांना ओळखणारी असल्यामुळेच जॅकला चालतात. दुसऱ्यांदा खेळताना विमानातल्या पहिल्याच दृश्यात जॅकच्या मांडीवरची भेटवस्तू आणि तिच्यावरची चिठ्ठी लक्षात येते, तेव्हा लेखक केन लेव्हिन आणि त्यांच्या चमूने किती आधीपासून पत्ते मांडून ठेवले होते, हे पाहून मन प्रसन्न होते. रायनच्या नावात आणि विचारांत व्यक्तिस्वातंत्र्याचा टोकाचा पुरस्कार करणाऱ्या लेखिका आयन रँड यांची छाया आहे हे उघड आहे. ज्या शहराचा पाया स्वतंत्र निवडीवर घातला गेला, त्याच शहरात निवड नसलेला माणूस कारखान्यात तयार व्हावा, यात या कथेची कडवट गंमत आहे.

आता तक्रार. या प्रसंगानंतर खेळ आणखी काही तास चालतो आणि तिथे त्याचा तोल जातो. टेनेनबॉम ही शास्त्रज्ञ जॅकच्या मनावरचा पगडा दूर करते, तो मोकळा होतो आणि लगेच टेनेनबॉमचाच आवाज रेडिओवरून पुढची कामे सांगू लागतो. बाण पुन्हा दिसतो, आपण पुन्हा त्याच्यामागे जातो. आज्ञाधारकपणावर एवढे बोचरे भाष्य करून झाल्यावर खेळाने निदान एक वाट तरी वेगळी उघडायला हवी होती. शेवटची लढाई तर फारच सामान्य आहे: फाँटेन कांस्याच्या पुतळ्यासारखा अवाढव्य होऊन समोर येतो आणि त्याच्यावर गोळ्या झाडत राहायचे. जनुकीय बदल घडवणारे द्रव्य शरीरात वागवणाऱ्या लहान मुली शहरात भेटतात; त्यांना वाचवायचे की ते द्रव्य काढून घ्यायचे, ही एक निवड मात्र खेळणाऱ्याकडे सुरुवातीपासून असते आणि शेवट त्यावर ठरतो. पण त्या निवडीचा कलाटणीशी काही संबंध जोडलेला नाही. क्लिंट हॉकिंग या गेम-रचनाकाराने २००७ सालीच कथा एक सांगते आणि खेळ दुसरे शिकवतो, असा आक्षेप घेतला होता आणि तो आजही मला पटतो.

सध्या २०१६ सालची सुधारित आवृत्ती सहज मिळते. तिच्यात चित्रे अधिक स्पष्ट आहेत आणि वगळलेल्या कल्पनांचे एक छोटेसे संग्रहालयही आहे, जे वेळ मिळाला तर अवश्य पाहावे. विकत घेणाऱ्याला दोन गोष्टी सांगतो. संवाद आणि सापडणाऱ्या ध्वनिफिती इंग्रजीत आहेत आणि उच्चार अवघड आहेत, तेव्हा उपशीर्षके सुरुवातीलाच चालू करावीत; त्या ध्वनिफिती ऐकल्याशिवाय कथा अर्धीच कळते. आणि पहिल्या एका तासात अंधार, किंचाळ्या आणि हाती आलेला पाना यांनी घाबरून खेळ सोडू नये. सँडर कोहेन या विक्षिप्त कलावंताच्या फोर्ट फ्रॉलिक या भागापर्यंत पोहोचलात, तर पुढे थांबवणे तुम्हाला जमणार नाही. माझ्या मित्राने रायनच्या खोलीतून बाहेर आल्यावर खेळ बंद केला आणि शेवट पाहिलाच नाही. तो म्हणतो की त्याचा खेळ तिथेच पूर्ण झाला, आणि मी त्याला आजवर खोडून काढू शकलेलो नाही.