संधीची वही: १४ वर्षांखालील क्रिकेट चमूत एका हंगामाच्या वापरानंतरचा अनुभव

नागपुरातल्या एका क्रिकेट अकादमीच्या १४ वर्षांखालील चमूत गेल्या पावसाळ्यानंतर पालक आणि प्रशिक्षक यांनी मिळून एक वही सुरू केली. तिला आम्ही ‘संधीची वही’ म्हणतो. कोणाला संघात घेतले, कोण कितव्या क्रमांकावर फलंदाजीला गेला, किती चेंडू खेळला, कोणी किती षटके टाकली आणि कोण दिवसभर नुसते क्षेत्ररक्षण करून घरी परतला, याची प्रत्येक सामन्यानंतर तीत नोंद होते. माझा मुलगा याच चमूत आहे आणि गुणलेखनाबरोबर वहीचे कामही बहुतेक वेळा माझ्याकडेच असते, हे आधीच सांगितलेले बरे. हिवाळ्यातले सामने आणि उन्हाळी शिबिर असा पूर्ण हंगाम वही वापरून झाल्यामुळे, इतर चमूंच्या पालकांनी तिचा विचार करावा का, याबद्दल आता ठामपणे लिहिता येईल.

वहीची गरज का पडली, ते येथे मुले खेळवणाऱ्या कोणालाही वेगळे सांगायला नको. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीन वेळा रणजी करंडक जिंकला. त्यानंतर शहरातल्या मैदानांवर सकाळ-संध्याकाळ किट-बॅग घेऊन येणाऱ्या मुलांची संख्या डोळ्यांत भरण्यासारखी वाढली आहे. जागा मात्र अकराच असतात. त्या जागा भरणारे प्रशिक्षकच काही मुलांना वेगळे शुल्क घेऊन वैयक्तिक शिकवणी देतात, काही पालक चेंडूंची पेटी किंवा मॅटिंग (खेळपट्टीवर अंथरायची चटई) घेऊन देतात, काहींची सरांशी जुनी ओळख असते. प्रत्येक निवडीमागे वशिला असतो, असे मी म्हणणार नाही. परंतु निवडीचे कारण कधीच उघडपणे सांगितले जात नसेल, तर सीमारेषेबाहेर उभ्या असलेल्या पालकांत कुजबुज होणारच, आणि ती कुजबुज मुलांच्या कानांवर पडतेच. आमच्याकडे ती इतकी वाढली होती की, दोन चांगली मुले अकादमी सोडून गेली.

क्रिकेटमध्ये आपपरभाव ओळखणे फुटबॉलपेक्षा कठीण असते. फुटबॉलमध्ये मुलगा किती मिनिटे मैदानावर होता, हे घड्याळ सांगते. क्रिकेटमध्ये मुलगा अंतिम अकरात असतो, पांढरे कपडे घालून दिवसभर उन्हात उभा असतो, फोटोतही दिसतो, आणि तरीही तो खेळलेला नसतो. नवव्या क्रमांकावर नाव, गोलंदाजी नाही, क्षेत्ररक्षणाला डीप फाइन लेग, म्हणजे यष्टिरक्षकाच्या मागे दूर सीमारेषेजवळ. गेल्या डिसेंबरमध्ये सामना संपल्यावर चमूतला एक मुलगा माझ्याजवळ येऊन पॅड काढत म्हणाला, “काकू, आज बी बॅटिंग नाही भेटली.” पॅड त्याने डावाच्या पंधराव्या षटकापासून बांधून ठेवले होते. अकादमीच्या यादीत त्या दिवशी त्याच्या नावापुढे ‘सामना खेळला’ अशी नोंद झाली.

आमच्याकडे गुणलेखनासाठी मोबाइल अ‍ॅप आधीपासून होते, आणि त्यातून सरासरी, स्ट्राइक रेट, बळी अशी सगळी आकडेवारी आपोआप निघते. पुष्कळ पालकांना वाटते, आणि प्रशिक्षकही तेच सांगतात, की आकडे समोर असताना पक्षपात होईलच कसा? हंगामभर वही भरल्यानंतर मला याचे जे उत्तर मिळाले, तेच या लेखाचे मुख्य कारण आहे. जो मुलगा प्रत्येक सामन्यात सलामीला जातो, त्याला ताजी खेळपट्टी, भरपूर षटके आणि एका अपयशानंतर लगेच दुसरी संधी मिळते. त्याच्या दोनशे धावा होतात. जो आठव्या-नवव्या क्रमांकावर शेवटची दोन षटके उरली असताना जातो, तो पहिल्याच चेंडूवर बॅट फिरवतो, कारण त्याला तसेच सांगितलेले असते, आणि त्याच्या नावावर चार-पाच धावा लागतात. पुढच्या स्पर्धेची निवड या आकड्यांवर झाली की ती गुणवत्तेवर झाली असे म्हणता येते, आणि कोणाला त्यावर बोटही ठेवता येत नाही. पहिल्या दोन-तीन सामन्यांत मर्जीने दिलेली जागा हंगामाच्या अखेरीस गुणवत्ता म्हणून कागदावर उतरते. त्यामुळे धावांच्या आधी संधी मोजली पाहिजे, आणि अ‍ॅपच्या सारांशात नेमकी तीच ठळकपणे दिसत नाही. तिचा कच्चा माल धावफलकात असतो, पण तो मुलानिहाय एकत्र मांडावा लागतो. वही एवढेच काम करते.

वहीबरोबर काही नियमही ठरले. प्रत्येक महिन्याच्या सुरुवातीला सर सांगतात की कोणते सामने सरावाचे आणि कोणते स्पर्धेचे. सरावाच्या सामन्यात फलंदाज ३० चेंडू खेळला की निवृत्त होतो आणि बाकीचे बाद झाले तरच परत येतो. एका सामन्यात ज्याला फलंदाजी मिळाली नाही, तो पुढच्या सरावाच्या सामन्यात पहिल्या चारांत जातो. कोणीही चारपेक्षा जास्त षटके टाकत नाही. स्पर्धेच्या सामन्यात हे बंधन नाही, तेथे सर त्यांच्या मताने सर्वोत्तम अकरा उतरवतात, मात्र वगळलेल्या मुलाला नाणेफेकीच्या आधी एका वाक्यात कारण सांगतात आणि तेच वाक्य वहीत लिहितात. यात आम्ही काही जगावेगळे केलेले नाही. अमेरिकेतल्या लिटल लीग बेसबॉलमध्ये नियमित हंगामात प्रत्येक मुलाला किमान एकदा फलंदाजी आणि सहा बाद होईपर्यंत क्षेत्ररक्षण द्यावेच लागते. तिथल्या मुलांच्या फुटबॉलची एवायएसओ ही संघटना १९६४ पासून ‘प्रत्येक जण खेळणार’ हे तत्त्व पाळते आणि प्रत्येकाला किमान अर्धा सामना देते. ऑस्ट्रेलियात सर्वांत लहान मुलांच्या क्रिकेटमध्ये संघात सात खेळाडू असतात, खेळपट्टी १६ मीटरची असते आणि सर्वांना सारखी संधी मिळेल अशीच खेळाची रचना असते. आपल्याकडे मात्र बारा-तेरा वर्षांच्या मुलांनाही मोठ्यांचाच खेळ जसाच्या तसा खेळवला जातो.

परिणाम लगेच दिसला नाही. पहिल्या महिन्यात आम्ही सरावाचे सामने हरलो आणि काही पालकांनी नाराजी उघड बोलून दाखवली. फरक जानेवारीत जाणवू लागला. डिसेंबरमध्ये पॅड बांधून नुसता बसलेला तो मुलगा रेशीमबागेच्या एका सामन्यात तिसऱ्या क्रमांकावर गेला. ३० चेंडूंत त्याने फक्त ११ धावा केल्या, पण नव्या चेंडूवर ऑफ स्टंपबाहेरचे चेंडू तो ज्या शांतपणे सोडत होता, ते पाहून सर साइट स्क्रीनजवळ जाऊन उभे राहिले आणि त्याचे सर्व चेंडू होईपर्यंत तेथून हलले नाहीत. आठव्या क्रमांकावर जाणाऱ्या मुलाला चेंडू सोडता येतो की नाही, हे कोणाला कधी कळणारच नव्हते. फेब्रुवारीतल्या स्पर्धेत तो संघात होता, आणि त्याला घेण्यासाठी कोणाच्याही आईवडिलांना सरांकडे जावे लागले नाही.

वहीने संशयही दूर केला. ज्या मुलाच्या वडिलांनी अकादमीला मॅटिंग दिले होते, त्याला त्यामुळेच सलामीला पाठवतात, असा सगळ्यांचा पक्का समज होता. संधी सारखी वाटल्यावरही तितक्याच चेंडूंत त्याच्या धावा इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक निघाल्या. तो मुलगा खरोखरच चांगला होता आणि दोन वर्षे फुकटचे बोल ऐकत होता. वशिल्याच्या वातावरणात लायक मुलाचेही नाव खराब होते, ही गोष्ट मला वही नसती तर इतक्या ठळकपणे दिसली नसती.

आणखी एक गोष्ट गोलंदाजीच्या रकान्यातून पुढे आली, आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. सरांचा लाडका वेगवान गोलंदाज, वयाच्या मानाने उंच, प्रत्येक सामन्यात अडचण आली की त्याच्याच हाती चेंडू. स्पर्धेचे सामने लागोपाठच्या दिवशी असल्याने त्याच्या षटकांची बेरीज केली, तेव्हा आम्ही दचकलो. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने १३ वर्षांखालील वेगवान गोलंदाजासाठी एका स्पेलमध्ये (गोलंदाजीच्या एका सलग टप्प्यात) ५ आणि एका दिवसात १० षटकांची मर्यादा घातली आहे, कारण वाढत्या वयात पाठीच्या कण्यावर येणारा ताण पुढे हाडाला तडा जाण्यापर्यंत जाऊ शकतो. आमच्या या मुलाची पाठ मार्चमध्ये दुखू लागली होती आणि जागा जाईल या भीतीने त्याने ते घरीही सांगितले नव्हते. मर्जीतल्या मुलाचे नुकसान होत नाही, असे आपण गृहीत धरतो. येथे सर्वांत जास्त हाल त्याचेच होत होते. आता त्याची षटके वही पाहूनच ठरतात, स्पर्धेतसुद्धा.

मधल्या काळात आम्ही जन्ममहिन्याचा रकाना वाढवला. भारतीय क्रिकेटमध्ये वयोगटासाठी १ सप्टेंबर ही तारीख धरली जाते, म्हणून सप्टेंबरमध्ये जन्मलेला मुलगा त्याच गटातल्या ऑगस्टमधल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो. तेराव्या वर्षी एका वर्षाचा फरक म्हणजे उंची, खांदे आणि आवाज यांतला फरक. कॅनडातल्या आइस हॉकी खेळाडूंबाबत १९८५ मध्ये रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच दाखवून दिले: तेथे गटाची तारीख १ जानेवारी, आणि निवडलेल्या खेळाडूंत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले कितीतरी जास्त. आमच्या चमूतही नवा चेंडू मिळणाऱ्यांत सप्टेंबर ते डिसेंबरमधली मुले उठून दिसतात. यात सरांच्या मनात खोट नाही. जो अंगाने मोठा तो गुणवान दिसतो, इतकेच. पण जुलैमध्ये जन्मलेल्या मुलाला त्याची किंमत मोजावी लागते, आणि हा पक्षपात कोणाच्या लक्षातही येत नाही म्हणून तो जास्त काळ टिकतो.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव म्हणजे नेट्स, म्हणजे जाळीतला सराव, वहीत येत नाहीत. सामन्यातली संधी सारखी झाल्यावर सरांचे लक्ष कोणाकडे अधिक जाते, कोणाला चांगल्या गोलंदाजांसमोर वीस मिनिटे मिळतात आणि कोणाला संध्याकाळी अंधार पडताना पाच, हा फरक तसाच राहिला; उलट थोडा वाढला असे मला वाटते. ३० चेंडूंच्या नियमामुळे काही मुले आपले चेंडू पुरवून-पुरवून, संघाच्या गरजेकडे न पाहता खेळू लागली. यष्टिरक्षकाची जागा कशी मोजायची, हे अजून जमलेले नाही. आणि कारणाचे वाक्य लिहिण्याचा नियम हंगामाच्या शेवटी ढिला पडला: सुरुवातीला ‘फिरकीपुढे पाय हलत नाही, स्वीपचा सराव हवा’ असे मुलाच्या कामाचे लिहिले जाई, नंतर नंतर ‘संघाच्या समतोलासाठी’ एवढेच.

काही पालकांचे म्हणणे आहे की, स्पर्धेतही सर्वांना सारखे खेळवावे. मला ते पटत नाही. उत्तम खेळणाऱ्याला उत्तम जागा मिळाली पाहिजे, आणि संघात जागा मिळण्याला आपल्याकडे खेळापलीकडेही किंमत आहे: दहावी-बारावीचे क्रीडा गुण असोत की शासकीय नोकरीतले खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण, त्याची वाट मैदानावरूनच जाते. म्हणूनच तर निवडीआधीची संधी चोख हवी. आपल्या खापरखेडा परिसरातले उमेश यादव, कोळसा खाणीत काम करणाऱ्या वडिलांचे चिरंजीव, टेनिस चेंडूवर खेळत मोठे झाले, २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी खेळले आणि २०११ मध्ये कसोटीत उतरले. तेराव्या वर्षी केलेली निवड हा अखेरचा निकाल धरला असता, तर ते कोणाच्या यादीत असते?

वापरू इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. खर्च दोनशे पानी वहीचा. सामन्यानंतर दहा-पंधरा मिनिटे लागतात. नोंद एकाच पालकाने करू नये. आमच्याकडे मी लिहिते आणि दुसरे एक पालक, ज्यांचा मुलगा वेगळ्या जागेवर खेळतो, ते धावफलकाशी ताडून सही करतात. वही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कधीही टाकू नये. पहिल्याच महिन्यात एकाने पानाचा फोटो टाकला आणि दोन मुलांची तुलना करून जो वाद झाला, त्यानंतर ती अकादमीच्या खोलीतच राहील असे ठरले. मुलांना मात्र ती केव्हाही पाहता येते. प्रशिक्षकांची मनापासून संमती नसेल, तर हा उद्योग करू नये, कारण त्याचा राग मुलावर निघतो. आमच्या सरांना पहिले काही आठवडे ही हेरगिरी वाटली. त्या उंच गोलंदाजाच्या षटकांची बेरीज पाहिल्यावर त्यांचे मत बदलले. येत्या हंगामात नेट्सच्या मिनिटांचा रकाना घालण्याचे ठरले आहे, आणि तो भरण्याचे काम त्यांनी मागून घेतले आहे.