हाताचं वाइंडिंग मशीन, पावसाळा काढल्यानंतर: ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर आणि एका नटाची गोष्ट

चार तारे देतोय. संक्रांतीला विचारलं असतंत तर दोन दिले असते, आणि तेही नाइलाजानं. हातानं फिरवून बॉबिनवर (तार भरायच्या पोकळ चौकटीवर) तार गुंडाळायचं नेहमीचं मशीन: ओतीव बैठक, हँडल, दातेरी चाकं, समोर वेढे मोजणारी २५०० पर्यंतची डायल. सगळे विक्रेते तेच विकतात, फक्त रंग बदलतो. म्हणून वर्णनात वेळ घालवत नाही. मी ३४०० रुपयांना घेतलं, घरपोच बेळगाव.

घ्यायची वेळ का आली ते सांगतो, कारण पंखे भरणाऱ्यांसाठी हा रिव्ह्यू नाही. माझ्याकडे ८० मीटर बँडचा जुना एएम रेडिओ ट्रान्समीटर आहे. एका ज्येष्ठ हॅमनं (हौशी रेडिओवाल्यानं) हातानं बांधलेला, त्यांच्या मागे घरच्यांनी भंगारात न घालता माझ्याकडे दिला. शेवटच्या टप्प्यात ८०७ हा व्हॉल्व्ह, त्याला ६०० व्होल्ट, १०० मिलिअँपिअर, म्हणजे ६० वॅट इनपुट. पूर्ण मॉड्युलेशनला (लहरीवर आवाज चढवायला) त्याच्या निम्मे, ३० वॅट ऑडिओ लागतो. तो देणारी ६एल६ व्हॉल्व्हची जोडी ३६० व्होल्टवर एबी-१ या पद्धतीनं चालवली तर साडेसव्वीस वॅटवर थांबते. एबी-२ मध्ये ४७ पर्यंत जाते, पण तिथं आवाजाच्या शिखरावर व्हॉल्व्हच्या ग्रिड (आवाज आत घेणारी टोकं) करंट ओढायला लागतात. तो करंट पुरवायला मध्ये उतरत्या गुणोत्तराचा ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर बसवावाच लागतो. तोच गेला. मागच्या पावसाळ्याच्या शेवटी कॅरियर (नुसती लहर) ठणठणीत, बोलणं गायब. मीटर लावला, प्रायमरी (आत येणाऱ्या बाजूची गुंडाळी) ओपन, म्हणजे आत तार तुटलेली.

आधी शहरातल्या एका रिवाइंडिंगच्या दुकानात दिला. दसऱ्यात दिलेला दिवाळीनंतर मिळाला. १२०० रुपये घेतले. वेढे बरोबर भरले होते, ते कबूल. खरी गंमत पुढं. बसवला तर आवाज पिपाणीसारखा, खर्ज नावाला नाही. उघडून बघतो तर स्टॅम्पिंग (कोअरच्या ई आणि आय आकाराच्या पत्र्याच्या पट्ट्या) एक उलट एक सुलट घालून, ठोकून घट्ट बसवलेली, मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरला घालतात तशी. या ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतून ६एसएन७ या आधीच्या व्हॉल्व्हचा, त्याच्या दोन्ही बाजू जोडलेल्या, १८ मिलिअँपिअर डीसी सतत जातो. त्या डीसीनं कोअर आधीच भरतो, मग ऑडिओला जागा कुठून राहणार? म्हणून सगळे ई एका बाजूला, सगळे आय दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये कागदाची फट. जुन्या माणसानं ती ठेवली होती, मी देताना सांगितलीही होती. दुकानदाराला पुन्हा विचारलं, तर म्हणाला, "ट्रान्सफॉर्मर म्हणजे ट्रान्सफॉर्मरच की वो साहेब. फट ठेवली तर गुंगूं आवाज करतंय." त्याच्या दृष्टीनं बरोबर आहे, त्याच्याकडे येतात ते सगळे स्टॅबिलायझरचे. खरं माझे १२०० गेले ते गेलेच. फट मी घरी ठेवली, आवाज आला, आणि शिमग्याच्या आत प्रायमरी परत ओपन होणार हे त्याचं बाहेर काढलेलं टोक बघूनच कळलं होतं. झालीही. मशीन मी त्याआधीच मागवून ठेवलं होतं.

नव्यानं विकत घ्यायचा पर्याय सुचवणाऱ्यांसाठी: बाहेरून मागवला तर ट्रान्सफॉर्मरपेक्षा टपाल आणि कस्टम जड जातं. आमच्यासारख्यांनी तो हिशेब न केलेलाच बरा.

तार का तुटते हे आधी बघा, नाहीतर दहा मशीनं घेऊनही उपयोग नाही. जुनी गुंडाळी मी थर थर सोडून पाहिली. आतल्या पहिल्या थरात, जिथं ४० गेजची तार बाहेरच्या जाड वायरला डाग देऊन जोडली होती, तिथं हिरवी पूड होती. बोटानं झटकली तर तार सरळ भुगा होऊन पडली. शेजारच्या वेढ्यांवर इनॅमलखाली हिरवे ठिपके, कागद मऊ आणि दमट. प्रायमरीवर २५० व्होल्ट डीसी, कोअर चासीला म्हणजे अर्थला. मधला कागद ओला झाला की त्यातून सूक्ष्म गळती होते, आणि तांबं धन बाजूनं हळूहळू झिजतं. ४० गेज म्हणजे जेमतेम सव्वा दशांश मिलिमीटर. झिजायला तिथं आहेच काय? त्यात जोडाला आम्लाचा फ्लक्स वापरला असेल तर बघायलाच नको. बेळगावात चार महिने भिंतीला ओल असते, खानापूरच्या बाजूला तर कपाटातल्या चपलांना बुरशी येते. असल्या हवेत हे सेट बोलतात हेच नवल.

आता मशीन. म्हणजे नट.

शाफ्टवर बॉबिन चढवायचं, दोन्हीकडून शंकू लावायचे आणि शेवटी पंखाचा नट आवळायचा. हँडल पुढं फिरवलं की डायल वाढते. आणि नेमकं त्याच दिशेनं तारेचा ताण बॉबिनला मागं खेचतो, बॉबिन शंकूला, शंकू नटाला, आणि नट सुटत जातो. आटे साधे आहेत, सुलटे. इथं उलटे आटे हवे होते. सायकलच्या डाव्या पॅडलला उलटे आटे असतात ते कुणी हौसेनं घातलेले नाहीत. ही गोष्ट गल्लीतल्या सायकलवाल्याला कळते, ३४०० रुपयांचं मशीन काढणाऱ्याला कळत नाही.

नट सुटला की आवाज होत नाही, हे आणखी वाईट. शाफ्ट फिरतो, काटा फिरतो, बॉबिन मात्र मधूनमधून घसरत मागं राहतं. तुम्ही डायलकडं बघत निवांत. सेकंडरीचे (बाहेर देणाऱ्या गुंडाळीचे) दोन भाग, १२०० आणि १२००, मी सरळ डायलवर विश्वासून भरले. मग जुन्या सेटच्या फिलामेंट वाइंडिंगचे ६.३ व्होल्ट एसी एका भागाला दिले. (ही चाचणी प्रत्येकानं करावी, पैसे पडत नाहीत.) प्रायमरी ३६०० वेढ्यांची, म्हणजे तिथं १८.९ यायला हवेत. आले. दुसऱ्या भागावर ६.३ हवेत. आले ६.१. म्हणजे चाळीसच्या आसपास वेढे डायलवर आहेत आणि बॉबिनवर नाहीत. बोलण्यापुरतं चाललं असतं, मित्रही तेच म्हणाले. पण मोजणीचं यंत्र म्हणून पैसे मोजलेत आणि त्यानं मोजायचं नाही, हे मला पटत नाही. दोन तारे त्या रात्रीचे.

मत बदललं ते दोन गोष्टींमुळं. पहिली, हँडल उलट फिरवलं की मोजणी उतरते. म्हणून रिकामा शाफ्ट फिरवून काटा हव्या त्या आकड्यावर आणायचा, मग बॉबिन चढवून उलट दिशेनं भरायला घ्यायचं. काटा शून्याकडं येतो, आणि तारेचा ताण आता नट आवळतो. प्रायमरी मी अशी १८०० आणि १८०० करून भरली, नटाला हात लावावा लागला नाही. हात मात्र अवघडतो, कारण हँडल उजव्या हातानं पुढं ढकलायला केलंय, मागं ओढायला नाही. माहितीपत्रकात यातलं अक्षर नाही.

दुसरी गोष्ट मशीनची नाही, पण मशीननंच करून घेतली. सेकंडरी दोन तारा एकदम घेऊन भरली, दोन रिळं शेजारी शेजारी. १२०० वेढे झाले की दोन्ही भाग तयार. एकीचं शेवटचं टोक दुसरीच्या पहिल्या टोकाला जोडलं की मधला टॅप. आधी एकावर एक भरताना बाहेरच्या भागाची तार लांब पडायची, त्यामुळं त्याचा रोधही जास्त यायचा. आता दोन्ही सारखे. आणि समजा नट सुटलाच, तरी दोघींचे वेढे सारखेच कमी होणार, तोल जात नाही. ६.३ दिले, ६.३ आले. मी मीटर बदलून पुन्हा बघितलं.

तारेबद्दल दोन शब्द. मोटारवाल्यांकडं ४० गेज सुटी मिळेना, कोल्हापुरातून आणली. ३८ गेज मिळाली, ती सेकंडरीला. घेताना थेट डाग धरणारं इनॅमल आहे का विचारा. मोटारीच्या तारेचं इनॅमल खरवडावं लागतं, आणि ४० गेज खरवडताना पात्यानं तुटते, ते फक्त नंतर कळतं. जोड बॉबिनच्या बाहेर लोंबकळत ठेवू नका. बाहेरची लवचिक वायर आत एक वेढाभर दुमडून कॉटन टेपनं बांधली की ओढ तिच्यावर येते, बारीक तारेवर नाही. आमच्या दुकानदारानं नेमकं हेच केलं नव्हतं. प्रत्येक थराखाली पातळ क्राफ्ट कागद. एक इंच जिभेच्या (ई च्या मधल्या पायाच्या) बॉबिनवर ४० गेजचे एका थरात सव्वादोनशे ते अडीचशे वेढे बसतात, म्हणजे पंधरा-सोळा थर. घाई केली की तार वरच्या थरातून कडेला खाली घसरते आणि सगळ्यावर पाणी फिरतं. मशीनला रिळाचा दांडा आणि तारेला ताण द्यायची सोय नाही, ती घरीच करावी लागते. मी फेल्टचे दोन तुकडे आणि कपड्याचा चिमटा वापरला. या बाबतीत मशीनला नावं ठेवणारे बरेच आहेत. मला त्याचं एवढं काही वाटलं नाही. नटाचं वाटतं.

वार्निशआधी सुकवणं जास्त महत्त्वाचं. ओल आत ठेवून वार्निश मारलं तर ओल कायमची आत. मी पत्र्याच्या डब्यात १०० वॅटचा बल्ब लावून रात्रभर ठेवला, गरम असतानाच वार्निशमध्ये बुडवला, बुडबुडे थांबेपर्यंत. घरातला ओव्हन वापरायचा विचार सोडून द्या, पुढं त्यात काहीही भाजलं तरी वार्निशचा वास येतो आणि ऐकून घ्यावं लागतं.

निकाल: प्रायमरीचा रोध साडेसातशे ओहमच्या आसपास, हिशेबानं यायला हवा तेवढा. आता अख्खा पावसाळा गेला. गणपतीच्या आधी ५०० व्होल्टच्या मेगरनं (गळती तपासायच्या मीटरनं) प्रायमरी ते कोअर बघितलं, काटा जागचा हलला नाही. कोल्हापूर आणि हुबळीकडच्या मंडळींनी आवाज भरदार झाल्याचं सांगितलं, एकानं तर नवीन माइक घेतला का विचारलं. माइक तोच.

एक सूचना, कारण यात सेट जळू शकतो. सेकंडरीच्या मधल्या टॅपमधून ६एल६ ना उणे साडेबावीस व्होल्टचा बायस (व्हॉल्व्हचा करंट काबूत ठेवणारं ग्रिडवरचं व्होल्टेज) मिळतो. तिथला डाग कच्चा राहिला तर बायस तुटतो आणि दोन्ही व्हॉल्व्हच्या प्लेटी लाल होतात. बसवल्यावर प्लेटचा पुरवठा द्यायच्या आधी दोन्ही ग्रिडवर उणे व्होल्ट आहेत का ते बघा. आणि ६०० व्होल्टचे कपॅसिटर रिकामे केल्याशिवाय आत हात घालू नका, हे परत सांगायला नको.

पैशांचं: गल्लीतल्या भजनी मंडळाच्या ॲम्प्लिफायरमध्ये २एन३०५५ ट्रान्झिस्टरची जोडी आहे, तिचाही ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर गेलेला. तो भरून दिला. तार जाड, वेढे कमी, एका दुपारचं काम. त्यांनी पैसे देऊ केले, मी तारेचे घेतले. पाठोपाठ गल्लीतूनच आणखी एक आला, त्याचे पूर्ण घेतले. मशीनची निम्मी किंमत तरी वसूल झाली असं मी घरात सांगतो.

नटाबद्दल विक्रेत्याला लिहिलं होतं, उलटे आटे असलेला शाफ्ट मिळेल का म्हणून. उत्तर आलं, "नट वॉरंटीमध्ये येत नाही." मी नट मागितलाच नव्हता. शेवटी शनिवार खुटाच्या बाजूला पाच रुपयांचा एक साधा नट मिळाला, तो पंखाच्या नटामागं चेक नट (पहिल्याला सुटू न देणारा) म्हणून लावलाय. आता पुढं फिरवूनही भरता येतं. पाचवा तारा या पाच रुपयांपायी अडला आहे, आणि शाफ्ट बदलून मिळेपर्यंत अडलेलाच राहील.

मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर (६एल६ चा आवाज ८०७ ला देणारा, मोठा) यावर भरायला जाऊ नका. माझ्या सेटमधल्याचं बॉबिन चढवून बघितलं, कोपरा बैठकीला घासतो. त्यासाठी बैठकीखाली लाकडी ठोकळे घालून शाफ्ट उचलता येतो का ते बघतोय. कुणी केलं असेल तर मापं द्या.