बी-275 म्हणून 265 गळ्यात मारला, जुना ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी वाचा

भावांनो, जुना बी-275 घ्यायचा विचार असेल तर पैसे द्यायच्या आधी इंजिनावरचे इंजेक्टर (सिलेंडरमध्ये डिझेल सोडणारे, एका सिलेंडरला एक) मोजा, बाकी सगळं नंतर. हा मूळ इंटरनॅशनल हार्वेस्टरचा ट्रॅक्टर, 1958 पासून इंग्लंडात ब्रॅडफर्डला बनायचा, मग 1963 ला महिंद्राने त्यांच्याबरोबर कंपनी काढली, कारखाना कांदिवलीला, आणि 1965 पासून आपल्याकडे बी-275 निघायला लागले. 35 एचपी, चार सिलेंडर, 2.36 लिटरचं डिझेल इंजिन, आठ गिअर पुढचे आणि दोन रिव्हर्स, डिफरन्शियल लॉक पण आहे. त्या काळात हे लय होतं.

तर एजंटने मला आरसी बुक दाखवलं, बुक खरंच जुन्या बी-275 चं होतं. बॉनेट जुनं, प्लेट जुनी, कलर नवाकोरा लाल. वर म्हणतो, दादा याला हीटर लावायची पण गरज नाही, सकाळी एका सेल्फला चालू! आता त्या जुन्या इंजिनाला गार असताना हीटर प्लग तापवल्याशिवाय ते उठायला कुरकुर करतंच, आणि हा पठ्ठ्या हीटर लागत नाही हेच कौतुक म्हणून सांगत होता, तिथेच शंका यायला हवी होती.

घरी आणल्यावर मिस्त्रीने साइडचं कव्हर काढलं आणि हसायलाच लागला. पंपातून तीनच पाइप निघालेले, तीन इंजेक्टर. खाली अख्खा महिंद्राचाच 265 डीआय, म्हणजे तीन सिलेंडरचा 30 एचपीवाला, वर जुनं बॉनेट पट्ट्या वेल्डिंग करून बसवलेलं. आरसीवर सिलेंडरच्या रकान्यात 4 छापलंय, ते तरी बघायचं ना विकणाऱ्याने. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली तर नव्या आकड्यांच्या खाली जुन्या आकड्यांचे व्रण उमटले, ग्राइंडर मारून परत पंच केलाय सरळ सरळ. प्लेटचे रिव्हेट पण चकचकीत. म्हणजे भंगारात गेलेल्या ट्रॅक्टरचे कागद याला चिकटवलेत, आता नावावर होणार कसा!

पोलिसात अर्ज दिलाय. एजंट म्हणतो मी फक्त मध्यस्थ, मालकाचा फोन बंद. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेतल्यात पण त्या नंबरची गाडीच ही नाही तर त्याचा उपयोग काय. आणि विसाराच्या पावतीवर त्याने नुसतं "एक जुना ट्रॅक्टर" एवढंच लिहिलंय, तुम्ही मॉडेल, चेसिस नंबर, इंजिन नंबर सगळं लिहून घ्या आणि मालकाची सही एजंटसमोर घ्या.